ज्वारीच्या जिल्ह्यातील बदलते ताट

मुंबई–नागपूर लोहमार्गावरील शेगाव स्थानकात गाडी थांबली की प्रवाशांची पहिली झुंबड उडते ती कचोरीसाठी. मैद्याच्या पारीत मुगाच्या डाळीचे मसालेदार सारण भरलेली आणि तळलेल्या हिरव्या मिरचीबरोबर खाल्ली जाणारी ही कचोरी म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचे सर्वांत ख्यातनाम खाद्य होय. देशाच्या फाळणीनंतर पंजाबातून येथे आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५०च्या दशकात शेगाव स्थानकावरच तिची सुरुवात केली आणि रेल्वेने तिचे नाव दूरवर पोहोचविले. याच शेगावात ऋषिपंचमीला, श्री गजानन महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवशी, भाविक घरोघर जो नैवेद्य दाखवितात तो मात्र ज्वारीची भाकर, पिठले आणि अंबाडीची भाजी यांचा असतो. यांपैकी एक पदार्थ पूर्वी प्रवासात किंवा यात्रेत खाल्ला जाई. दुसरा रोजच्या जेवणातला होता. आज अनेक घरांत ही अदलाबदल उलटी झाली आहे. भाकर सणावारी, हॉटेलातील ‘वऱ्हाडी थाळी’त किंवा हुरड्याच्या सहलीत भेटते, आणि तळलेले मैद्याचे खाणे रोज सकाळी फाट्यावरच्या टपरीत मिळते.

कचोरीला दोष देण्याचे येथे काहीच कारण नाही. वर्षातून चार वेळा खाल्लेल्या कचोरीने कोणाची प्रकृती बिघडत नाही. प्रश्न आहे तो न्याहारीला आलूबोंडा, दुपारी मुलाच्या हाती पाच रुपयांचे पाकीट, सायंकाळी चहाबरोबर बिस्किटे किंवा खारी, आणि या सर्वांमुळे भूक मेल्यावर रात्री दोन घास, अशा दिनक्रमाचा. हा दिनक्रम केवळ बुलढाणा, खामगाव, मलकापूर या शहरांपुरता राहिलेला नाही. घाटावरच्या लोणार-मेहकरच्या खेड्यांत आणि घाटाखालच्या जळगाव जामोद-संग्रामपूरच्या पाड्यांतही किराणा दुकानाच्या दारावर रंगीत पाकिटांच्या माळा लोंबताना दिसतात. ज्या गावात ताजी भाजी आठवड्याच्या बाजाराशिवाय मिळत नाही, तेथे तळलेले बटाट्याचे काप मात्र बारा महिने मिळतात.

याचे परिणाम दोन्ही अंगांनी दिसू लागले आहेत. २०१९–२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५४.२ टक्के होते. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. त्याच सर्वेक्षणात राज्यातील सुमारे २३ टक्के स्त्रिया व सुमारे २५ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचेही नोंदले गेले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज देण्यात आला. म्हणजे एकाच घरात अंगावर रक्त नसलेली मुलगी आणि साखरेच्या गोळ्या घेणारे आजोबा असे चित्र उभे राहते. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन व्याधींचे मूळ पुष्कळदा एकाच ताटात असते. त्या ताटात पिष्ट, तेल, मीठ व साखर भरपूर असतात आणि डाळ, पालेभाजी व फळ नावापुरते.

ज्वारी आधी शेतातून गेली

आहारातील या बदलाची चर्चा बहुधा जाहिराती, दूरदर्शन आणि तरुणांची चटक यांच्यापाशी सुरू होते व तेथेच संपते. बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ही मीमांसा अपुरी आहे. येथे ताट बदलण्यापूर्वी शेत बदलले.

कापूस आणि ज्वारी ही या जिल्ह्याच्या खरिपाची परंपरागत जोडी. कापूस बाजारासाठी, ज्वारी घरासाठी आणि तिचा कडबा बैलांसाठी, अशी ही वाटणी होती. ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद, अंबाडी आणि बांधावर तीळ, असे एकाच शेतात वर्षभराचे धान्य, डाळ, भाजी आणि तेल पिकत असे. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत ‘हायब्रीड’ हा शब्द वऱ्हाडच्या बोलीत रुळला. उत्पादन वाढले, पण लवकर पक्व होणारे कणीस परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडू लागला. काळ्या ज्वारीला भाव नाही आणि तिच्या भाकरीला चव नाही, असा दुहेरी तोटा शेतकऱ्याच्या वाट्याला आला. १९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची आठवण जुन्या पिढीला अद्याप आहे. दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी आणि शिधापत्रिकेवरचा मिलो यांवर त्या वर्षी कुटुंबे जगली. मात्र धान्य घरात पिकत नसेल तर ते दुकानातून आणावयाचे असते, ही सवयही त्याच काळात अधिक पक्की झाली.

पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सोयाबीन आले आणि पाहता पाहता त्याने जिल्ह्याचे खरीप व्यापले. सोयाबीन साधारण साडेतीन महिन्यांत हाती येते, रब्बीच्या हरभऱ्यासाठी रान मोकळे करते आणि त्याचे रोख पैसे मिळतात. ज्वारीला मात्र पाखरे राखावी लागतात. रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव सोसावा लागतो. कापणी, खुडणी, मळणी यांना मजूर लागतात. बैलजोड्या कमी झाल्या तशी कडब्याची घरची गरजही घटली. शेतकऱ्याने ज्वारी सोडली ती हिशेब करून सोडली, आळसाने नव्हे. तथापि त्या हिशेबात एक रक्कम कोणीच मांडली नाही. ज्वारीबरोबर तिच्या ओळींतील मूग, उडीद आणि अंबाडी हीही घरातून गेली. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ते ३८ ग्रॅम प्रथिने असतात. कोणत्याही डाळीहून हे प्रमाण अधिक आहे. परंतु ते सारे तेलगिरण्यांकडे जाते. त्याची पेंड पशुखाद्यात व कोंबड्यांच्या खाद्यात जाते. प्रथिनांच्या शेतांनी वेढलेल्या गावात प्रथिनांची वाण पडावी, हा विरोधाभास या जिल्ह्याइतका ठळकपणे फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळेल.

घरची ज्वारी संपल्यावर तिची जागा स्वस्त धान्य दुकानातील गहू व तांदळाने घेतली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. या योजनेने उपासमारीपासून असंख्य कुटुंबांचे रक्षण केले आहे, याविषयी दुमत असू नये. शिवाय गव्हाच्या पोळीला एक प्रतिष्ठाही होती. एके काळी पोळी म्हणजे सण आणि भाकर म्हणजे रोजचे कष्ट, असे समीकरण होते. सणाचे अन्न रोज मिळू लागल्यावर ते कोण नाकारील?

गहू, ज्वारी आणि काही गैरसमज

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या निमित्ताने ज्वारी-बाजरी-नाचणीचा पुष्कळ गौरव झाला, तो योग्यच होता. परंतु गौरवाच्या भरात काही अतिशयोक्तीही रूढ झाली. शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी लोकांसमोर बोलताना नेमकी आकडेवारी सांगणे हिताचे आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. गव्हाच्या चोकरासह दळलेल्या पिठाचे आकडे जवळजवळ तेच आहेत. तेव्हा ज्वारीत गव्हाच्या कितीतरी पट लोह असते, हे विधान टिकणारे नाही. बाजरीत मात्र लोह सुमारे साडेसहा मिलिग्रॅम आहे आणि नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक आहे. खरा फरक पडतो तो मैद्याशी तुलना केल्यावर. मैद्यात तंतू तीन ग्रॅमहून कमी आणि लोह दोन मिलिग्रॅमहून कमी उरते. पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसते. म्हणजे भाकरीकडून घरच्या पोळीकडे जाण्यात फारसे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते पोळीकडून मैद्याच्या खारी-टोस्ट-समोशाकडे जाण्यात.

मग ज्वारीचा आग्रह कशासाठी? भाकर एकटी खाता येत नाही, हे त्याचे एक कारण आहे आणि पोषणशास्त्राच्या पुस्तकांत ते क्वचितच सापडते. पोळी चहात बुडवून किंवा साखर पसरून खाता येते. भाकरीला मात्र पिठले लागते, वरण लागते, ठेचा लागतो, कांदा लागतो, जवसाची किंवा तिळाची चटणी लागते, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा लागतो. भाकर आपल्याबरोबर डाळ आणि भाजी ताटात आणते. धान्य व डाळ एकत्र आल्याने प्रथिनांचा दर्जा सुधारतो. पाल्यातील व लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. सकाळी चहा-बिस्कीट खाऊन शाळेत जाणाऱ्या मुलीच्या रक्तक्षयाचा विचार करताना ही साधी गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील हाही असाच शहाणपणाचा पदार्थ होता. आंबविल्याने धान्यातील लोह व जस्त बांधून ठेवणारी द्रव्ये कमी होतात.

ताटात विविधता असावी याचे आणखी एक कारण जिल्ह्याने अलीकडेच अनुभवले. डिसेंबर २०२४च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड व परिसरातील गावांत अनेकांचे केस अचानक गळू लागले आणि काही दिवसांत टक्कल पडण्याच्या घटना घडल्या. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पथकांनी येऊन नमुने घेतले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यात असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्र अभ्यासाअंती याचा संबंध बाहेरील राज्यातून आलेल्या गव्हाशी जोडला. एखादे मूलद्रव्य जमिनीतून धान्यात उतरते, ही शास्त्रीयदृष्ट्या परिचित गोष्ट आहे. ज्या घरात दोन वेळा एकाच प्रकारचे, एकाच ठिकाणाहून आलेले धान्य शिजते, त्या घरात त्या धान्यातील गुण आणि दोष दोन्ही पूर्ण मात्रेने उतरतात. आठवड्यातून चार दिवस भाकर असेल तर ही मात्रा आपोआप विभागली जाते.

पाकिटाने कोणती जागा भरून काढली

घरातील स्त्री निंदणी-खुरपणीला सकाळीच शेतावर जाते. दुपारी ती परतेपर्यंत घरी असलेल्या मुलाच्या हाती तिने काय द्यावे? पूर्वी टोपल्यात रात्रीची भाकर, शिंक्यावर दही किंवा ताक, मडक्यात गूळ-शेंगदाणे असत. आता पाच रुपयांचे नाणे असते. पाकिटाचे यश त्याच्या चवीइतकेच त्याच्या सोयीत आहे. ते शिजवावे लागत नाही, सांडत नाही, नासत नाही आणि मूल रडायचे थांबते. ही सोय ध्यानात न घेता केवळ ‘पाकीट वाईट’ असे सांगणारी व्याख्याने व्यर्थ जातात.

भाकरीची गैरसोयही मान्य केली पाहिजे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यामुळे गरम पाण्यात मळून, एकेक गोळा परातीत थापून, तव्यावर टाकून, वरून पाणी फिरवून, निखाऱ्यावर किंवा आचेवर फुगवावी लागते. हे कौशल्य आईच्या हाताखाली शिकावे लागते. चुली गेल्या आणि मुली शिक्षणासाठी बाहेर पडल्या (हे दोन्ही बदल स्वागतार्हच), तसे ते कौशल्य एका पिढीत विरळ झाले. ज्वारीचे दळणही वेगळे काढावे लागते आणि गावच्या चक्कीवाल्याला थोड्या ज्वारीसाठी जाते बदलणे परवडत नाही. आहारसुधारणेचा सारा भार स्वयंपाकघरातील स्त्रीवर टाकून पुरुषांनी ‘जुने ते सोने’ म्हणत बसावे, हा या प्रश्नावरील उपाय नव्हे.

१९९५ मध्ये राज्यात सुरू झालेल्या एक रुपयात झुणका-भाकर योजनेचा अनुभव येथे बोलका आहे. श्रमिकाला घरच्यासारखे अन्न स्वस्तात मिळावे हा हेतू उत्तम होता आणि लोकांनी ते अन्न आवडीने खाल्लेही. परंतु भाकर थापणारे हात, इंधन आणि वेळ यांचा खर्च एका रुपयात बसत नव्हता. अनेक केंद्रांवर हळूहळू वडे आणि समोसे दिसू लागले, कारण त्यांत नफा अधिक होता. पुढे अनुदान थांबले आणि योजना मिटली. लोकांनी भाकर नाकारल्यामुळे हे घडले नाही. भाकर पुरविण्याची व्यवस्था टिकली नाही.

याउलट सोलापूरची कडक भाकर पाहावी. पातळ थापून, कडक भाजलेली ही ज्वारीची भाकर कित्येक दिवस टिकते. महिला ती घरी किंवा गटाने तयार करतात आणि ती पाकिटात बांधून दूरवर विकली जाते. म्हणजे पाकिटाची सोय आणि ज्वारीचे सत्त्व एकत्र येऊ शकते. बुलढाणा जिल्ह्यातील महिला बचत गटांनी पापड, कुरडई, मसाले यांपलीकडे जाऊन या दिशेने पाहण्यास पुष्कळ वाव आहे.

खाऊच्या बाबतीतही तेच. हरभरा हे जिल्ह्याचे रब्बीचे प्रमुख पीक. शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच तळलेल्या बटाट्याच्या कापांत सहा-सात ग्रॅम आणि जवळजवळ एकतृतीयांश वजन निव्वळ तेलाचे. फुटाणे, गूळ, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या यांना शिजविणे लागत नाही, ते नासतही नाहीत. दुकानाच्या दारात लटकण्याइतके देखणे पाकीट मात्र त्यांच्या वाट्याला आलेले नाही.

खारपाणपट्टा आणि मीठ

घाटाखालच्या तालुक्यांत या प्रश्नाला एक वेगळे गांभीर्य आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतून जातो. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त आहे आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी तेथून वर्षानुवर्षे येत आहेत. वान धरणाच्या पाण्यावर आधारित १४० गावांची पाणीपुरवठा योजना त्यासाठीच हाती घेण्यात आली. ज्या घरात पाण्यातूनच क्षार जातात तेथे अन्नातील जादा मीठ हा चैनीचा नव्हे तर धोक्याचा विषय ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा मीठ घ्यावे. झटपट शेवयांच्या एका लहान पाकिटात त्यांपैकी सुमारे दोन ग्रॅम असतात. वाढलेले मीठ रक्तदाब वाढविते आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडे निकामी करतो, ही साखळी सर्वपरिचित आहे. साखरेचेही तसेच. थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसभरासाठी जी मर्यादा सुचविली आहे, ती एका बाटलीतच संपते. लोणचे, पापड आणि खारविलेली मिरची हे घरचे पदार्थही या हिशेबातून सुटत नाहीत, हे वऱ्हाडी जिभेला रुचले नाही तरी सांगावयास हवे.

शाळेचे फाटक

मुलांच्या बाबतीत नियमांची उणीव नाही. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत चरबी, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी ही मनाई शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत विस्तारली. तळणासाठी पुन्हा पुन्हा वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरण्यास जुलै २०१८ पासून बंदी आहे. छापील वृत्तपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधून देण्यासही मनाई आहे. हे नियम गावातील किती जणांना ठाऊक आहेत, याचा शोध प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने आपल्यापुरता घ्यावा.

तथापि ५० मीटरची रेघ आखताना त्या रेघेवर बसलेल्या विक्रेत्याचाही विचार व्हावा. शाळेबाहेर टोपली घेऊन बसणारी व्यक्ती बहुधा गावातील गरीब विधवा किंवा वृद्ध असते. तिला उठविण्यापेक्षा तिच्या टोपलीत बोरे, पेरू, उकडलेल्या शेंगा, फुटाणे, घुगऱ्या येतील असे पाहणे ग्रामपंचायतीला अशक्य नाही. काही दशकांपूर्वी याच टोपल्यांत हेच पदार्थ असत.

शाळेच्या आत मात्र एक मोठे साधन आधीच उपलब्ध आहे. आज प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शालेय पोषण आहार योजनेत प्राथमिक वर्गांतील मुलाला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांतील मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. १९९५ मध्ये तीन किलो तांदूळ घरी देण्यापासून सुरू झालेली ही योजना सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजविलेल्या अन्नापर्यंत आली. राज्याने २०२४ मध्ये पाककृतींची विविधता वाढवून मोड आलेली कडधान्ये व खीर यांचा त्यात समावेश केला. शाळेच्या परसबागेत शेवगा, कढीपत्ता, पालक, अंबाडी लावली तर खिचडीचे रूप पालटते. शेवग्याच्या शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि शेवगा एकदा रुजला की वर्षानुवर्षे विनातक्रार पाला देतो. विज्ञानाच्या शिक्षकाने पाकिटामागील बारीक अक्षरांतील तक्ता फळ्यावर लिहून मुलांकडून त्याचे गणित करून घेतले, तर त्या तासाचा परिणाम निषेधाच्या फलकापेक्षा अधिक टिकेल.

अंगणवाडीच्या वयातील मुलांबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना चहात किंवा दुधात भिजविलेले गोड बिस्कीट भरविण्याची चाल सर्वत्र पसरली आहे. त्या बिस्किटात मैदा, साखर व तेल यांखेरीज फारसे काही नसते. पण बाळाचे चिमुकले पोट त्याने भरते आणि वरण-भाताला, घट्ट पेजेला, नाचणीच्या सत्त्वाला जागा उरत नाही.

गावाच्या हातातील गोष्टी

ज्वारी पूर्वीइतकी पुन्हा पेरली जाईल अशी अपेक्षा कोणी करू नये. २०२५–२६ साठी केंद्र शासनाने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आणि सोयाबीनचा ५,३२८ रुपये जाहीर केला. शेतकरी हे आकडे वाचतो. मात्र घरापुरती ज्वारी हा निराळा हिशेब आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला आठवड्यातून चार दिवस भाकर खाण्यासाठी वर्षाला दोन-अडीच क्विंटल ज्वारी पुरते. तेवढी पिकविण्यास थोडेसे रान लागते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ज्वारीवर दीर्घकाळ काम केले आहे. त्याच्या मार्गदर्शनाने आपल्या रानाला मानवणारे वाण निवडता येते. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी एकाच पट्ट्यात पेरणी केली तर पाखरांची आणि रानडुकरांची राखण वाटून घेता येते. एकट्याची ज्वारी मात्र पाखरांचीच होते.

सोयाबीनही थोडे घरात ठेवण्याजोगे आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनास अडथळा करणारी द्रव्ये असल्यामुळे ते तसेच दळू नये. स्वच्छ दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, उन्हात कडकडीत वाळवून, नऊ किलो गहू किंवा ज्वारीला एक किलो या प्रमाणात दळणात मिसळले तर पोळी-भाकरीची चव बिघडत नाही आणि प्रथिने लक्षणीय वाढतात. यासाठी बाजारातून काहीही आणावे लागत नाही.

चक्कीचा प्रश्न तर ग्रामपंचायतीने एका बैठकीत सोडवावा असा आहे. आठवड्यातील एक वार ज्वारी-बाजरीच्या दळणाचा म्हणून ठरविला आणि दवंडी दिली, तर चक्कीवाल्याचीही अडचण होत नाही व दोन किलोचे दळणही मागे पडत नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती गावोगावी अस्तित्वात आहे. तिच्या सभेत लसीकरण आणि गटारे यांच्याबरोबर दुकानातील पाकिटे, शाळेची परसबाग आणि दळणाचा वार हे विषयही येऊ शकतात. ग्रामपंचायतीच्या सभांना, प्रशिक्षण वर्गांना आणि शासकीय बैठकांना समोसा व बिस्किटांऐवजी मुगाचे मोड, शेंगदाणे, केळी किंवा ताक ठेवण्यास कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. पट्टा कोणत्या शिवारात घ्यावयाचा, राखण कोणी करावयाची आणि बियाणे कोठून आणावयाचे, हे ठरविण्यासाठी १५ ऑगस्टची ग्रामसभा सोयीची आहे. त्या पट्ट्यातील हुरडा पौषात तयार होतो आणि भाकरीचे धान्य होळीपर्यंत घरी येते.